एक जोरात, एक हलका

संध्याकाळी काम सुटल्याचा भोंगा झाला की पुलावरची सगळी माणसं घराच्या दिशेनं पळत सुटायची आणि थोरला तेवढा उलट दिशेनं निघायचा. खांद्यावर घण, काखेत कोट आणि चेहऱ्यावर असा भाव, की साहेबानं त्यालाच बोलावून काहीतरी खास तपासायला सांगितलंय. सांगितलं कुणीच काही नव्हतं. अर्धवट पुलाच्या पार टोकाशी, जिथं लोखंड संपत होतं आणि खाली नुसती नदी होती, तिथं जाऊन तो तुळईच्या कडेवर घण मारायचा. एक जोरात, एक हलका. मग मान वाकडी करून, डावा कान पुढं करून उभा राहायचा. उजव्या कानाचा भरवसा त्यानं केव्हाच सोडला होता.

समोर, पाण्यापलीकडे, पुलाचा दुसरा अर्धा भाग होता. तिकडच्या काठावरून निघून, खांबामागून खांब ओलांडत तो याच्याकडे सरकत येत होता. त्याच्या टोकावर आवराआवर करणारी माणसं आधी ठिपक्यांएवढी दिसायची, आता हात-पाय ओळखू येऊ लागले होते. त्यांतला एक धाकटा होता. खांदे पाडून, पाय जरा फेकत चालायची त्याची ढब थोरल्याला गर्दीतही कळली असती. धाकटा आपली हत्यारं गोळा करायचा, पोत्यात भरायचा आणि निघून जायचा. उत्तर म्हणून येत नसे.

थोरला पुन्हा एकदा मारायचा. मग वाऱ्याला दोष द्यायचा. वारा पडलेला असला तर नदीच्या खळखळाटाला द्यायचा. पण त्याच वाऱ्यातून आणि त्याच खळखळाटातून पलीकडच्या मुकादमाच्या शिव्या त्याला स्वच्छ ऐकू येत, अगदी कुणाच्या आईचा उद्धार चाललाय तेसुद्धा. तेव्हा आवाज पोचत होता. उत्तर द्यायचंच नव्हतं. असा हिशेब मनाशी करत थोरला घरी यायचा आणि आल्या आल्या बायकोवर खेकसायचा, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

त्या काळी इंजिनं वाफेवर धावत, साहेब लोक उंच टोप्या घालत आणि लोखंडाचे पूल रिव्हेटांनी शिवले जात. शिवले हाच शब्द बरोबर. भट्टीत लाल केलेला रिव्हेट दोन पत्र्यांच्या भोकांतून घालायचा, आतून एकानं जाडजूड लोखंडी दांडा लावून तो रेटून धरायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं घण घालून त्याचं डोकं बसवायचं. त्या दांड्याला टेकू म्हणत आणि धरणाऱ्याला टेकूवाला. मोठ्या तुळया आतून पोकळ, लांबलचक पेट्यांसारख्या असत. टेकूवाला त्या पेटीत, कंदील घेऊन, गुडघ्यांवर. ठोकणारा बाहेर, उन्हावाऱ्यात, परांचीवर. मधे बोटभर जाडीचं लोखंड. दिवसभर दोघं एकमेकांच्या हातभर अंतरावर आणि तोंड दिसायची सोय नाही.

थोरला ठोकणारा होता. धाकटा त्याचा टेकूवाला. आई-बाप लवकर गेलेले, धाकट्याला थोरल्याच्या बायकोनंच न्हाऊमाखू घालून मोठं केलेलं, आणि मिसरूड फुटायच्या आत थोरल्यानं त्याला पेटीत उतरवलेला. पूल झाला की पुढच्या नदीवर, तो झाला की त्याच्या पुढच्या. तिघांचं बिऱ्हाड नेहमी कुठल्या तरी नदीच्या काठावर असायचं. कामगारांच्या रांगेतली एक खोली, तीत एक चूल, दोन खाटा, धाकट्याची दाराशी.

आता टेकू नीट लागलेला नसताना बाहेरून घण पडला, तर तो लालभडक रिव्हेट आतल्या माणसाच्या अंगावर यायचा. म्हणून प्रत्येक जोडीची काहीतरी खूण ठरलेली असे. बहुतेक जण एकमेकांना शिवी हासडत आणि उलट शिवी आली की माणूस जागेवर आहे असं समजत. या दोघांची पद्धत निराळी होती. थोरला पत्र्यावर घण टेकवल्यासारखा मारी, एक जोरात, एक हलका. म्हणजे, आहेस? आतून टेकूचा एकच ठोका येई. म्हणजे, आहे. मग घाव पडायचे. दिवसातून शेकडो वेळा थोरला विचारी आणि शेकडो वेळा धाकटा सांगे. दोघा भावांत याहून जास्त बोलणं कधी झालंच नाही, आणि त्याची गरजही कुणाला वाटली नव्हती.

बिनसलं ते याच पुलावर. आधी धाकट्याचं उत्तर उशिरा येऊ लागलं. थोरला विचारी आणि थांबून राही, रिव्हेट काळवंडू लागे, मग कुठं आतून ठोका येई. थोरला बाहेरून ओरडे, झोपलास का म्हणून. मग घरीही तेच. वहिनीनं काही विचारलं तर धाकटा नुसता हसे किंवा उठून बाहेर जाई. थोरल्यानं त्याचा अर्थ लावून टाकला. पोरगं मोठं झालं, अंगात वारं शिरलं, आता थोरला भाऊ कोण लागून गेला. असे अर्थ लावायला थोरल्याला वेळ लागत नसे.

आणि मग ती दुपार आली. जेवणाच्या सुट्टीत सगळी टोळी परांचीखाली सावलीला बसली होती आणि धाकटा पुढं, पाठमोरा, नदीकडे बघत उभा होता. थोरल्यानं पाण्याचा डबा मागितला. धाकटा हलला नाही. थोरल्यानं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, चढ्या आवाजात. धाकट्याची पाठ होती तशीच राहिली. तेव्हा टोळीतलं कुणीतरी फिसकन हसलं आणि म्हणालं की थोरल्याचा दरारा काय सांगावा, पाणीसुद्धा घाबरून येत नाही.

थोरल्यानं डोक्यात राख घालून घेतली. उठला, धाकट्याचा दंड धरून त्याला गर्रकन फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिरा झालास का रे? का आता माझं ऐकायचं नाही असं ठरवलंयस?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो थोरल्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

"तोंडाकडे काय बघतोस? उद्यापासून माझ्यामागं टेकू धरू नकोस. मला दुसरा मिळेल."

त्या काळात पलीकडच्या काठावर माणसं कमी पडत होती आणि मुकादम जो दिसेल त्याला विचारत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आपलं पोतं घेऊन नावेत बसला. वहिनी काठापर्यंत धावत गेली, पण तोवर नाव सुटली होती. थोरला घरात बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

नदी काही समुद्र नव्हती. नाव रोज जायची, रोज यायची, सुट्टीच्या दिवशी थोरल्यानं मनात आणलं असतं तर जेवायच्या वेळेला परत आला असता. पण मोठ्यानं आधी जायचं? चार माणसांत पाठ दाखवली त्यानं, आणि समजूत काढायला जायचं यानं? थोरल्याचं नाक त्याच्या घणापेक्षा जड होतं. म्हणून त्यानं आपल्या परीनं मधला मार्ग काढला होता, रोज संध्याकाळी टोकाशी जाऊन विचारायचं. आहेस? पलीकडून एक ठोका आला असता, एकच, तर तो अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत उतरला असता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं.

बायको मात्र स्पष्ट होती. "तुमचा अबोला तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणायची. "दीर माझा आहे." धाकट्याची खाट तिनं उभी करू दिली नाही. दाराशी खाट आडवी, त्यामुळे थोरला येता-जाता नडगीवर आपटून घेई आणि तरी तिला हलव म्हणत नसे. थंडी पडायला लागली तेव्हा तिनं धाकट्यासाठी लोकरीचा जाड बनियन विणला आणि नावाड्याच्या हाती पाठवला. वर निरोपही दिला, की एकदा तरी येऊन जा. नावाडी परत आला तो तोंड पाडून. बनियन दिला म्हणाला, त्यानं घेतला, छातीशी धरलासुद्धा. मग तो वळून चालायला लागला तेव्हा निरोप राहिला हे आठवलं, म्हणून मागून हाका मारल्या, चांगल्या मोठ्यानं. "पण त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. काय माणूस आहे."

हे ऐकून बायको चुलीकडे तोंड करून बसली. थोरला म्हणाला, बघितलंस? पण त्या 'बघितलंस'मध्ये त्याला हवा होता तेवढा जोर काही आला नाही.

थोरल्याचा नवा टेकूवाला आडव्या अंगाचा होता आणि सगळे त्याला ढोल म्हणत. मनानं चांगला, कामाला बरा, पण त्याची खूण म्हणजे मोठ्यानं खोकणं. थोरला बाहेरून विचारी, एक जोरात, एक हलका, सवयच ती, आणि आतून खोकला येई. प्रत्येक वेळी थोरल्याला फसवल्यासारखं वाटे. ढोलची काय चूक त्यात? पण थोरला दिवसभर त्याच्याशी धुसफुसत राही.

ढोलच पलीकडच्या बातम्या आणायचा, कारण त्याचा मेव्हणा तिकडे भट्टीवर होता. एकदा म्हणाला, तुझा भाऊ आता तिकडे ठोकणारा झालाय, म्हणे. हात चांगला आहे. फक्त एक खोड आहे, दर रिव्हेटच्या आधी पत्र्यावर तळहात ठेवून उभा राहतो, गाईला थोपटावं तसा. टोळी हसते त्याला. थोरला म्हणाला, नखरे. आणि त्या दिवशी काम सुटल्यावर कुणी बघत नाही असं पाहून त्यानं स्वतः तुळईवर तळहात ठेवून बघितला. लोखंड गार होतं. बाकी काही कळलं नाही.

असं करता करता दोन्ही टोकं जवळ आली. आधी ओरडून बोलण्याच्या अंतरावर, मग दोर फेकण्याच्या, आणि शेवटी मधे फक्त एका तुकड्याची फट राहिली. वस्तीत आनंदीआनंद होता. थोरला मात्र त्यात नव्हता. कारण मुकादमानं सांगून टाकलं होतं, पलीकडची टोळी पूल जोडला की दुसऱ्याच दिवशी तिकडूनच पुढच्या कामावर जाणार, दूर डोंगरातल्या पुलावर. या काठाला ती येणारच नव्हती. ज्या पुलामुळे भाऊ भेटेल असं थोरला मनाशी धरून बसला होता, तोच पुरा झाल्यावर भाऊ कायमचा जाणार होता. डोंगरातून कुठल्या नदीवर आणि तिथून कुठं, कोण सांगणार. लिहिता दोघांनाही येत नव्हतं.

थोरला मुकादमाकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाकडे काही मागितलं. जोडाच्या टोळीत मला घ्या, म्हणाला. मुकादमानं डोकं खाजवलं. साहेबानं ठरवलं होतं की जोडाचं काम दोन्ही काठांनी मिळून करायचं, म्हणजे पुढं कुणी एकट्यानं मिरवायला नको. बाहेरून ठोकणारे पलीकडचे, आतून टेकूवाले अलीकडचे. ठोकणाऱ्याची जागा नव्हती.

"टेकू धरशील?" मुकादमानं हसत विचारलं. चेष्टाच होती ती. ठोकणाऱ्यानं पेटीत उतरणं म्हणजे मुख्य आचाऱ्यानं भांडी घासायला बसणं. शिवाय मधल्या तुकड्याचं तोंड अरुंद होतं, ढोल त्यात अडकला असता तर पूल त्याच्यासकटच उघडावा लागला असता.

"धरीन," थोरला म्हणाला.

मुकादमाचं हसू तिथंच राहिलं. त्यानं थोरल्याला जोडाच्या टोळीत घेतलं.

जोडाच्या दिवशी सकाळी मधला तुकडा बसवूनही एका बोटाएवढी फट राहिली होती, आणि ती एका बोटाची फट काही केल्या बुजेना. साहेब घाबरला नाही. त्यानं उंच टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तो एका खोक्यावर बसून राहिला. दोन्ही काठांवरची माणसंही बसून राहिली. ऊन तापत गेलं, तशा दोन्ही बाजूंच्या तुळया उन्हानं फुगत, अंग सैल करत एकमेकींकडे केसाकेसानं सरकल्या, आणि भर दुपारी भोकांना भोकं भिडली. लगेच त्यांत खुंट्या मारल्या आणि टोळ्या धावल्या. थोरल्यानं पलीकडच्या परांचीकडे बघितलं, पण तिथं नुसत्या पाठी आणि टोप्यांची गर्दी होती. तेवढ्यात मुकादमानं त्याला खांद्याला धरून आत दाबलं.

आत अंधार होता, आणि उकाडा. उभं राहायची सोय नव्हती. कंदील एका कोपऱ्यात ठेवून थोरला गुडघ्यांवर सरकत जोडापाशी गेला. इतकी वर्षं त्यानं हजारो रिव्हेट ठोकले होते आणि पेटीच्या आत तो एकदाही आला नव्हता. गरजच पडली नव्हती. पेटीच्या तोंडातून पहिला रिव्हेट आत पडला, त्यानं तो चिमट्यानं उचलला, भोकात घातला, टेकू लावला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. आता बाहेरून शिवी येईल किंवा खोकला.

पत्र्यावर ठोका पडला. एक जोरात. एक हलका.

टेकू हातातून निसटता निसटता राहिला. साऱ्या जगात ही खूण दोनच माणसांची होती आणि त्यातला एक आत होता. वर्षभर तो नदीवरून विचारत होता, आणि आता कुणीतरी त्याला विचारत होतं, की आहेस? आत कोण आहे हे त्या बाहेरच्याला काय माहीत? त्याला वाटत असणार, आहे कुणीतरी अलीकडचा. थोरल्यानं ओठ आवळले आणि टेकूनं एक ठोका दिला. तसाच दिला, जसा धाकटा द्यायचा.

बाहेर सगळं थांबलं. क्षणभरच, पण थांबलं. मग पुन्हा आलं, एक जोरात, एक हलका, या वेळी घाईघाईनं. थोरल्यानं पुन्हा एक ठोका दिला. आहे.

मग घण पडला.

थोरल्याला आधी वाटलं, पेटीच फुटली. तो आवाज कानात शिरला नाही, डोक्यात शिरला, दातांत शिरला, चारी पत्र्यांवर आपटून पुन्हा पुन्हा अंगावर आला. बाहेर घणाचा आवाज मोकळ्या हवेत विरून जायचा. इथं त्याला जायला जागाच नव्हती. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. थोरल्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं आपोआप कान झाकायला हात उचलला, तर टेकू घसरू लागला. टेकू सोडायचा नाही. दोन्ही हात टेकूवरच हवेत. म्हणजे कान उघडेच राहणार. म्हणजे इतकी वर्षं...

हे वाक्य त्याला पुरं करता येईना. रिव्हेटामागून रिव्हेट येत होता. प्रत्येक वेळी बाहेरून विचारणं होत होतं आणि प्रत्येक वेळी तो सांगत होता. मग एका रिव्हेटला बाहेरून काहीच आलं नाही. थोरला थांबला. काही नाही. डोक्यात नुसतं मधमाशांचं पोळं घोंघावत होतं. त्यानं बाहेरच्यावर वैतागायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हातातल्या टेकूत काहीतरी थरथरलं. एक जोरात, एक हलका. ठोका पडला होता. ऐकू आला नव्हता. थोरल्यानं घाईनं पत्र्यावर तळहात टेकवला, आणि पुन्हा आला तेव्हा तो तळहाताला कळला, मनगटापर्यंत कळला.

त्याला त्या अंधारात एकेक गोष्ट दिसत गेली. उशिरा येणारं उत्तर. वहिनीला दिलेलं नुसतं हसू. नावाड्याच्या हाका. गाईला थोपटावं तसा पत्र्यावरचा तळहात. नदीकाठी पाठमोरा उभा असलेला धाकटा, आणि मागून हाका मारणारा आपण. बहिरा झालास का रे, असं त्यानंच विचारलं होतं, सगळ्यांसमोर, आणि उत्तर समोर पांढऱ्या चेहऱ्यानं उभं होतं. बहिऱ्या टेकूवाल्याला कामावर कोण ठेवणार, म्हणून पोरगं लपवत होतं. आणि संध्याकाळी टोकाशी उभं राहून मारलेले ते ठोके? दोन लोखंडांच्या मधे नुसती हवा होती. हवेतून यायचं ते कानालाच येणार. तळहाताला काय कळणार?

थोरला रडला. पेटीत रडायची एक सोय असते, कुणाला ऐकू जात नाही. टेकू मात्र त्यानं शेवटच्या रिव्हेटपर्यंत हलू दिला नाही.

शेवटचं डोकं बसलं. काम संपलं. आता विचारायचं काही कारण नव्हतं, तरी पत्र्यावर ठोका आला, एक जोरात, एक हलका. थोरल्यानं उत्तर दिलं. पुन्हा आला. पुन्हा दिलं. मग मुकादमानं पेटीच्या तोंडातून हात घालून त्याला ओढून बाहेर काढलं, कारण दोन्ही काठांवर लोक टोप्या उडवत होते आणि साहेबाला मोकळ्या पुलावरून चालून बघायचं होतं.

बाहेर ऊन इतकं होतं की थोरल्याला आधी काही दिसेना. मग दिसलं. परांचीच्या कडेला, त्या नव्या जोडापाशी, धाकटा गुडघ्यांवर बसला होता. थोरल्याकडे त्याची पाठ होती. अंगात वहिनीनं विणलेला बनियन होता, एवढ्या उन्हात. उजवा तळहात पत्र्यावर ठेवलेला, आतल्या माणसाची वाट बघत असल्यासारखा. आतला माणूस बाहेर आलाय, आपल्या मागं उभा आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

थोरल्याच्या तोंडून सवयीनं हाक निघाली. धाकट्याची पाठ होती तशीच राहिली.

या वेळी थोरल्यानं त्याचा दंड धरला नाही. तो खाली वाकला. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं मुठीनंच तुळईवर मारलं. जोरात एक. मग हलकेच एक. आता इकडचं लोखंड आणि तिकडचं लोखंड एकच होतं.

धाकट्याची बोटं हलली. न वळता, न बघता, त्यानं आधी उत्तर दिलं. बोटाच्या पेरानं, एकच. मग तो वळला.

थोरल्याला पुष्कळ बोलायचं होतं, ओठ हललेही, पण आवाज फुटला की नाही हे त्याचं त्यालाच कळेना, कारण त्याच्या स्वतःच्या कानात अजून ते पोळं घोंघावत होतं. धाकटा त्याच्या ओठांकडे बघत होता, त्या दुपारी बघितलं होतं तसाच. मग त्याच्या लक्षात आलं असावं की दादालाही आत्ता काही ऐकू येत नाहीये. त्याला हसू आलं. पलीकडच्या काठावर त्याची टोळी सामान गाड्यांत भरत होती आणि त्याचा मुकादम हातवारे करून त्याला बोलावत होता. धाकट्यानं तिकडे बघितलंच नाही. त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि जे विचारायचं ते विचारलं, बहिरी माणसं विचारतात तसं, दोन्ही काठांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"दादा, वहिनीनं खायला काही ठेवलंय का?"

सगळा पूल हसला. थोरल्यालाही तेवढं ऐकू आलं, निदान तो नंतर तसं सांगायचा. त्यानं मान हलवली, होय म्हणून, आणि ती पुरेशी वाटली नाही म्हणून वाकून तुळईवर एकच ठोका मारला.